चिमटीचं माप: नुसते मिलिमीटर लिहून भागेल का?

नोंदवही (धागाकर्ती)

सोलापुरातली एक तालीम, एक बालरोग दवाखाना आणि विडी वळणाऱ्या बायकांसाठी भरणारं मधुमेह शिबिर. या तिन्ही ठिकाणची स्किनफोल्डची मापं एकाच साच्यात नोंदवायची असं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. स्किनफोल्ड म्हणजे चिमटीत धरलेली त्वचेची घडी. तिची चरबीसकट जाडी कॅलिपरने मोजतात. साचा, म्हणजे डेटा मॉडेल, बनवायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या वह्या उघडल्या आणि हबकले. एकीत ‘सुप्राइलियाक १४’ एवढंच. डावीकडचं की उजवीकडचं, कुठल्या कॅलिपरने, किती वेळा मोजलं, कशाचाच पत्ता नाही. दुसऱ्या वहीत घड्यांची मापंच नाहीत, थेट ‘चरबी १९ टक्के’.

‘सुप्राइलियाक’ या एका शब्दाखाली दोन जागा राहतात. घड्यांच्या बेरजेवरून शरीराची घनता काढणाऱ्या डर्निन आणि वोमर्स्ली यांच्या १९७४च्या सूत्रात ती कमरेच्या हाडाच्या लगेच वर, बगलेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर आहे. शरीराची ठेवण ठरवणाऱ्या हीथ-कार्टर पद्धतीत याच नावाची घडी पुढे, पोटाकडे होती. आता तिला सुप्रास्पायनाली म्हणतात. दोन्ही जागांवर चरबी सारखी नसते. पोटाच्या घडीचंही तसंच: कोणी उभी धरतं, कोणी आडवी.

म्हणून माझा आग्रह असा: जागा, बाजू, घडीची दिशा, कॅलिपर, मोजणारी व्यक्ती आणि प्रत्येक वाचन (दर वेळी कॅलिपरवर दिसलेला आकडा) हे सगळं वेगवेगळं नोंदवायचं. चरबीची टक्केवारी मापात मिसळायची नाही. ती वेगळ्या नोंदीत, सूत्राच्या नावासकट.

तालीम_सोलापूर

ताई, एवढे रकाने कोण भरणार? पहाटे जोर-बैठका संपल्या की वीस पोरं रांगेत उभी असतात. माझ्या एका हातात कॅलिपर, दुसऱ्या हातात घडी, वहीत आकडे लिहितो तो नववीतला पोरगा. वस्तादाला एकच विचारायचं असतं: पोरगं चरबीने वाढलं की अंगाने? त्याला टक्केवारी लागते. तुमचा साचा शास्त्राला धरून असेल, पण तालमीत आठ दिवसांत बंद पडेल. चार घड्या, चार आकडे, खाली टक्के. बास.

नोंदवही

दादा, वस्तादांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि टक्केवारी नेमकी त्यालाच चुकीचं उत्तर देऊ शकते. चार घड्यांची बेरीज ४० मिलिमीटर धरा. डर्निन-वोमर्स्लीचं २० ते २९ वयाच्या पुरुषांचं सूत्र लावून घनता काढली, मग सिरीच्या सूत्राने, म्हणजे ४९५ भागिले घनता वजा ४५०, चरबी काढली, तर साधारण १६ टक्के येते. तोच पैलवान तिशीचा झाला की त्याच ४० मिलिमीटरला ३० ते ३९चं सूत्र लागतं आणि उत्तर येतं साधारण १९. घडी तसूभरही वाढली नाही, आणि वाढदिवसाच्या दिवशी वहीत तीन टक्के चरबी चढली! मूळ मिलिमीटर जपले असतील तर हे लगेच कळतं. नुसते टक्के असतील तर त्या पोराचा खुराक तोडला जाईल.

बालडॉक्टर

मूळ माप जपायला माझा पूर्ण पाठिंबा. लहान मुलांत तर टक्केवारीच्या वाटेला आम्ही जातच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे ३ महिने ते ५ वर्षांसाठीचे वयानुसार तक्ते आहेत, तेही दोनच घड्यांचे: दंडाच्या मागची आणि पाठीवर फऱ्याखालची. ही फऱ्याखालची घडी आपल्या मुलखात फार मोलाची आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी तुलना झाली, तेव्हा आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि तिकडचं ३.५ किलो होतं. पण फऱ्याखालची घडी मात्र वजनाच्या मानाने फारच थोडी कमी होती. हडकुळं दिसणारं बाळ चरबी राखून जन्माला येतं. नुसत्या वजनकाट्यावर हे कधीच कळलं नसतं.

बाजूच्या रकान्याबद्दल एक. खेळाडूंची मापं घेणारी आयसॅक पद्धत उजवी बाजू धरते. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची पट्टी डाव्या हाताला लावतात. दोन्हीकडे शिकलेली माणसं एकाच शिबिरात येतात, तेव्हा ‘बाजू’ गृहीत धरू नका.

सात_रस्ता

मी रुग्णालयांची सॉफ्टवेअर बनवतो आणि मला हा साचा पटलेला नाही. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदींची देवाणघेवाण एफएचआयआर या आरोग्य-डेटाच्या ठरलेल्या मानकावर चालते. तिथे मापांसाठी ‘ऑब्झर्व्हेशन’ हा नोंदीचा प्रकार आहेच: काय मोजलं, शरीराची जागा, किंमत, एकक, पद्धत, उपकरण. त्यात बसवा आणि मोकळे व्हा. सोलापूरसाठी वेगळा साचा केला की दहा वर्षांनी तो फक्त सोलापूरलाच वाचता येईल. अशा घरगुती साच्यांचा डेटा दुसरीकडे हलवताना मी रात्री घालवल्यात, म्हणून कळकळीने सांगतोय.

नोंदवही

पाठवायचं एफएचआयआरमध्येच, त्यात वाद नाही. पण ‘पद्धत’ या रकान्यात काय लिहायचं हे कोणी ठरवायचं? ते न ठरल्यानेच ‘सुप्राइलियाक १४’ जन्माला येतं. ओपनईएचआर या आरोग्य नोंदींच्या खुल्या मानकाची रीत मला म्हणून आवडते. आर्केटाईपमध्ये, म्हणजे मूळ साच्यात, त्या मापाबद्दल जे जे लागू शकेल ते सगळं ठेवायचं, आणि तालमीसाठी, दवाखान्यासाठी त्यातून हवं तेवढंच उचलून टेम्प्लेट करायची. तालमीच्या पडद्यावर चारच आकडे दिसतील. कॅलिपर, बाजू, मोजणारा हे सकाळी एकदा निवडलं की वीसही पोरांना लागू.

मागवाला

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, शरीराच्या मापांतलं मला कळत नाही. पण सुताचा नंबर सांगताना पद्धत सांगितली नाही तर काय होतं ते सांगतो. आपल्या कॉटन काउंटमध्ये नंबर वाढला की सूत बारीक. टेक्समध्ये नंबर वाढला की जाड. नुसतं ‘२०’ लिहून ऑर्डर दिली तर येणारं सूत कुठलं हे देवाला ठाऊक. बाईंचं बरोबर आहे.

तालीम_सोलापूर

सकाळी एकदाच निवडायचं असेल तर माझी अर्धी तक्रार मिटली. उरलेली अर्धी वाचनांची. एकच घडी पुन्हा पुन्हा मोजायची कशाला?

बालडॉक्टर

आयसॅकमध्ये प्रत्येक जागेची दोन वाचनं घेतात. दोघांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तरच तिसरं. दोन असतील तर सरासरी, तीन असतील तर मधलं. तेही एका जागी लागोपाठ नाही, सगळ्या जागा एकदा संपवून दुसरी फेरी. लागोपाठ चिमटलं की घडी दबते आणि माप उतरतं. म्हणून वाचनांचा क्रमही ठेवा.

शिबिरातली_ताई

मी त्या मधुमेह शिबिरात मापं घेते. पोटाची आणि मांडीची घडी मोजू द्यायला कित्येक बायका नको म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. काहींची घडी चिमटीत धरताच येत नाही. काहींची कॅलिपरच्या तोंडात मावत नाही. आजवरच्या फॉर्ममध्ये या सगळ्यांना शून्य किंवा कोरी जागा. पुढे कोणीतरी त्या शून्याची सरासरी काढतं! तुमच्या साच्यात ‘माप घेतलं नाही’ आणि त्याचं कारण यांना जागा आहे का? बाकी एकही रकाना नसला तरी मला चालेल, हा हवाच.

नोंदवही

ताई, नव्हता. आज रात्रीच घालते: ‘नकार’, ‘घडी धरता आली नाही’, ‘कॅलिपरच्या कक्षेबाहेर’. आणि हा रकाना तिन्ही टेम्प्लेटांत सक्तीचा.

सात_रस्ता

‘नकार’ सक्तीचा करण्याला माझा विरोध आहे. तो शब्द त्या बाईच्या नोंदीत कायमचा राहणार, पुढचा डॉक्टर वाचणार. ‘माप घेतलं नाही’ इतकंच सक्तीचं ठेवा, कारण ऐच्छिक. बाकी आर्केटाईप-टेम्प्लेटचा मुद्दा मान्य, पण जागांचे संकेतांक स्नोमेड या वैद्यकीय संज्ञांच्या यादीतून घ्या, स्वतः नावं पाडू नका.

शिबिरातली_ताई

हे मला पटलं. कारण लिहायचं की नाही ते त्या बाईला विचारूनच लिहीन.