मदत हवी आहे: आर्चर सी७ व्ही२ वर ओपनडब्ल्यूआरटी, १८००५ एरर आणि कायद्याची शंका

खटपट्या_कोथरूड: टीपी-लिंक आर्चर सी७ व्ही२, अमेरिकेतून आणलेला. मूळ अ‍ॅडमिन पानावरून ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी, घालायचं मुक्त फर्मवेअर) चढवताना १८००५ एरर येतो. फाइल चुकतेय की राउटर लॉक आहे? आणि हे आपल्याकडे बेकायदा आहे का? अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) बंदी घातली म्हणे.

डेसिबल: लॉक आहे. अमेरिकी नग फाइलीतला प्रदेश-कोड तपासतो. सी७ व्ही२ साठी तीन फॅक्टरी फाइली (मूळ फर्मवेअरवरून पहिल्यांदा चढवायच्या) मिळतात, त्यातली 'यूएस'वाली घ्या. तीही नाकारली तर टीएफटीपी, म्हणजे राउटर सुरू होतानाच लॅपटॉपवरून फाइल ओढून घेतो ती वाट. लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ पत्ता, मास्क २५५.२५५.२५५.०, वायर लॅन पोर्टात, रीसेट दाबून धरून पॉवर द्या. फाइलचं नाव ओपनडब्ल्यूआरटीच्या विकीवर दिलंय अगदी तसंच हवं. विंडोजचा फायरवॉल आधी बंद करा, बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. कंपनीची फाइल परत घालायची वेळ आली तर नावात 'बूट' असलेली या वाटेने मुळीच नको, बूटलोडरच (राउटर सुरू करणारा मूळ प्रोग्राम) पुसला जातो.

बंदी म्हणाल तर, २०१५ च्या एफसीसी मार्गदर्शिकेत डीडी-डब्ल्यूआरटी या तसल्याच दुसऱ्या फर्मवेअरचं नाव घेऊन उत्पादकांना 'हे कसं रोखणार' असं विचारलं होतं. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात मजकूर बदलला: रेडिओ मंजूर मर्यादेबाहेर जाऊ नये, बस्स. पण रेडिओपुरतं कुलूप करण्यापेक्षा सगळंच बंद करणं कंपन्यांना सोपं. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने एफसीसीशी २ लाख डॉलरची तडजोड केली. मुद्दा होता देश-कोड (कुठल्या देशाचे रेडिओ नियम पाळायचे ती सेटिंग) बदलून मिळणारी जादा पॉवर. गंमत म्हणजे त्याच तडजोडीत बाहेरच्या फर्मवेअरला वाट देता येईल असे सुरक्षित उपाय शोधण्याचंही कबूल केलं.

तरंग_पेठेतला: आपल्याकडे परवान्याची सूट रेडिओला आहे, सॉफ्टवेअरला नाही. ५ गिगाहर्ट्झ वाय-फायसाठी २०१८ ची अधिसूचना, जीएसआर १०४८(ई): उपकरण मंजूर प्रकारचं, पॉवर मर्यादेत, दुसऱ्याला अडथळा नाही. म्हणून देश-कोड 'आयएन' (भारत)च.

खटपट्या_कोथरूड: यूएस फाइल चढली, धन्यवाद! पण 'आयएन' केल्यावर ५ गिगाहर्ट्झ वाय-फायचं नावच दिसेना. परत 'यूएस' करू?

डेसिबल: नको. चॅनल कोणता? ५२ ते १४४ मधला असेल तर तो डीएफएस, म्हणजे रडारला जागा सोडणारा चॅनल: आधी निदान ६० सेकंद रडार ऐकतो, मग नाव दिसतं. रडार सापडलं तर तो चॅनल अर्धा तास बंद. १२० ते १२८ तर हवामान रडारच्या पट्ट्यात, तिकडे फिरकूच नका. ३६ किंवा १४९ वर ठेवा, रुंदी ८० मेगाहर्ट्झ.