वैद्यांना निवडलं, सिन्हांना डावललं: सेनाप्रमुख ज्येष्ठतेनंच ठरावा का?

रणगाडेवाला (धागाकर्ता)

पुण्यात जनरल अरुणकुमार वैद्य म्हटलं की भवानी पेठेतलं स्टेडियम. फार तर १० ऑगस्ट १९८६ ला याच शहरात त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, एवढं जुन्या लोकांच्या लक्षात आहे. मला त्यांच्या मृत्यूबद्दल नाही, नेमणुकीबद्दल बोलायचं आहे.

१ ऑगस्ट १९८३ ला ते सेनाप्रमुख झाले. तेव्हा ज्येष्ठतेत त्यांच्या वर लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा होते, व्हाइस चीफच्या (उपसेनाप्रमुखाच्या) खुर्चीत. सरकारनं सिन्हांना वगळलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून 'राजकीय निवड' हा शिक्का वैद्यांना चिकटला तो चिकटलाच. माझ्या मते निवड बरोबर होती, आणि अशी निवड अपवाद म्हणून नाही, नेहमीच व्हावी.

१९६५ च्या युद्धात वैद्य डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सीओ (कमांडिंग ऑफिसर). हाताखाली शर्मन रणगाडे, समोर पाकिस्तानचे पॅटन. शर्मनची तोफ पॅटनला समोरासमोर भारी पडणारी नव्हती. त्यामुळे एकच मार्ग: उसात दडायचं, गोळीबार रोखून धरायचा आणि पॅटननं बाजू दाखवली की जवळून मारायचं. असल उत्तरला ४ माउंटन डिव्हिजननं घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे बांधले, शेतांत पाणी सोडलं. पॅटन आत शिरले, चिखलानं वेग गेला, वळताना कूस उघडी पडली. गोळीबार रोखून धरण्याची शिस्त रणगाड्यांच्या एका जरी छोट्या तुकडीनं मोडली असती तर सापळा फुकट होता. वैद्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये शकरगडला १६ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडची कमान, सुरुंगक्षेत्रातून रणगाडे पलीकडे काढले, दुसऱ्यांदा महावीर चक्र. असा माणूस समोर असताना कमिशनची (अधिकारी झाल्याची) तारीख कशाला बघायची?

सदाशिव_उवाच

रणगाडेवाले, आधी एक दुरुस्ती. १९७१ च्या बसंतर नदीवरच्या लढाईत, रात्री सुरुंग पुरते निघायच्या आत पूना हॉर्स ही रणगाडा रेजिमेंट पुढे घुसली, तो निर्णय तिच्या सीओंचा, हणूत सिंग यांचा. वैद्यांची कामगिरी त्याआधी चक्रा आणि देहलराच्या सुरुंगक्षेत्रांतून ब्रिगेड पार नेण्याची. तीही मोठीच आहे, दुसऱ्याचं उसनं घेऊन ती फुगवायची गरज नाही.

आता मुद्दा. रेजिमेंट आणि ब्रिगेडवरचं शौर्य म्हणजे सेनाप्रमुखपदाची परीक्षा नव्हे. प्रमुख रणगाडा चालवत नाही. दारूगोळ्याचा साठा किती दिवसांचा, कुठली खरेदी आधी, कुठली कोअर (काही डिव्हिजन मिळून होणारं दल) कुठे हलवायची आणि मंत्र्याला 'आत्ता नको' कधी म्हणायचं, हे त्याचं काम. सिन्हा १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य विमानानं उतरवण्याच्या आखणीत होते, पुढे वेस्टर्न कमांड सांभाळली. ते काही नुसते वयानं मोठे म्हणून तिथं बसले नव्हते.

'कमिशनची तारीख' म्हणून हसणाऱ्यांनी ती तारीख किती चाळण्यांतून गेलेली असते ते बघावं. कर्नलसाठी तीन नंबरचा सिलेक्शन बोर्ड, ब्रिगेडियरसाठी दोन, मेजर जनरलसाठी एक, लेफ्टनंट जनरलसाठी स्पेशल बोर्ड. प्रत्येक ठिकाणी वर्षानुवर्षांचे एसीआर (वार्षिक गोपनीय अहवाल), कमांड कशी केली, कोर्स कसे गेले हे तपासतात आणि पुष्कळ लोक तिथेच थांबतात. शेवटी व्हाइस चीफ आणि सात कमांडचे प्रमुख अशी आठ नावं उरतात. ती आठही लायक आहेत असं आपणच ठरवलेलं असतं. मग त्यांतून 'जास्त लायक' शोधणार कोण आणि कुठल्या मापानं? तिथे ज्येष्ठता हे निदान कुणाला वळवता न येणारं माप आहे.

नकाशा_कंपास

वळवता न येणाऱ्या मापानं १९६१ मध्ये काय दिलं ते सांगतो. तेव्हाचे सेनाप्रमुख थिमय्या निवृत्त होताना त्यांनी शिफारस केली होती लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांची. आपल्या कोल्हापूरकडचा माणूस. जानेवारी १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत बटालियनचे सीओ, डीएसओ हे शौर्यपदक. मग कोरियात युद्धकैद्यांची देखरेख करणाऱ्या भारतीय कस्टोडियन फोर्सचे प्रमुख. १९५७ ते ६१ ईस्टर्न कमांड, म्हणजे नेफाची (आजच्या अरुणाचलची) सीमा थेट त्यांच्या ताब्यात. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी लेखी योजना दिली: सीमेवर टेहळणीपुरत्या हलक्या चौक्या, खरी लढाई मागे, जिथे आपला रस्ता पोचतो आणि चिन्यांची रसद ताणली जाते तिथे. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन तीच गोष्ट मांडून दाखवली. सरकारनं ज्येष्ठता बघून थापरांना नेमलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये थापरांना जावं लागलं.

सदाशिव_उवाच

नकाशाराव, अर्धाच नकाशा उलगडलात. त्याच काळात 'गुणवत्तेची निवड' कुणाची झाली? बी. एम. कौल. रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये बरीच वर्षं काढलेले, लढाईत बटालियनची कमान न केलेले. थिमय्यांचा विरोध असतानाही लेफ्टनंट जनरल झाले, मग चीफ ऑफ जनरल स्टाफ, आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये थेट नव्या ४ कोअरचे कमांडर. नेफात ऐन लढाईत आजारी पडून दिल्लीला आले आणि बिछान्यावरून कोअर चालवायला गेले. ज्येष्ठतेनं थापर दिले हे खरं, पण मर्जीनं कौल दिले. दोन्ही चुका एकाच मंत्रालयानं एकाच वेळी केल्या.

आणि थोरात प्रमुख झाले असते तर? योजना मंत्रालयापर्यंत गेली होतीच की. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडून ती हलली नाही. खुर्चीवर कुणीही बसवा. डिव्हिजन, रस्ते आणि थंडीचे कपडे खुर्चीतून उगवत नाहीत.

नकाशा_कंपास

कपडे उगवत नाहीत, पण १९६२ मध्ये नेफातल्या नामका चू नदीच्या घळीत ब्रिगेड उतरवायला नकार देणारा माणूस उगवू शकतो. थोरातांची योजना नेमकी त्याच्या उलट होती. आणि थिमय्यांचंच बघा ना, १९५७ मध्ये ते दोन ज्येष्ठांना मागे टाकून प्रमुख झाले. त्या निवडीला आजवर कोणी नावं ठेवली?

कात्रज_बाह्यवळण

मंडळी, डावलणं म्हटलं की सगळे १९८३ आणि २०१६ घेऊन बसतात. सर्वांत सफाईदार प्रकार १९७४ चा. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत, व्हिक्टोरिया क्रॉस, १९४१ मध्ये इथिओपियात सलग चार दिवस सुरुंग काढत पुढे गेलेला माणूस, नॉर्दर्न कमांडचे प्रमुख. त्यांना कोणी डावललं नाही. तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल बेवूर यांना मुदतवाढ मिळाली, एवढंच. त्या वाढीव महिन्यांत भगतांचं वय भरलं आणि ते निवृत्त झाले. कागदावर ज्येष्ठता शाबूत, माणूस बाहेर!

२०१६ ची गंमत तर पुण्यातच घडली. बिपीन रावत त्या वर्षी जानेवारीपासून इथे सदर्न कमांडचे प्रमुख. सप्टेंबरात ते व्हाइस चीफ म्हणून दिल्लीला गेले आणि त्यांच्या खुर्चीत लेफ्टनंट जनरल हारिझ आले. डिसेंबरात रावत ज्यांना ओलांडून सेनाप्रमुख झाले त्या दोघांत ईस्टर्न कमांडचे बक्षी होते आणि हेच हारिझ होते. म्हणजे ज्यानं कार्यालय सोपवलं तो वर गेला, ज्यानं घेतलं तो राहिला. सरकारच्या बाजूनं कारण दिलं गेलं ते काश्मीर आणि ईशान्येतल्या अनुभवाचं. बक्षी रणगाड्यांचे, हारिझ मेकनाइज्ड इन्फन्ट्रीचे. उद्या वाळवंटातली लढाई आली तर हेच माप उलटं फिरवणार का? की माप आधी ठरतं आणि माणूस नंतर, याची खात्री कोण देणार?

जन्मतारीख

कात्रज यांनी वयाचं काढलं ते बरं झालं, कारण खरा खेळ तिथेच आहे आणि आपण सगळे शेवटच्या पायरीवर भांडतोय.

कर्नल ५४, ब्रिगेडियर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०, प्रमुख ६२ किंवा तीन वर्षं, यांतलं आधी येईल ते. ही आजची निवृत्तीची वयं. एकाच दिवशी कमिशन मिळालेल्यांत अकादमीतला क्रम चालतो. आर्मी कमांडर, म्हणजे कमांडचा प्रमुख, व्हायला कोअरची कमान झालेली लागते आणि जागा रिकामी होते त्या दिवशी ठरावीक सेवा शिल्लक लागते. तिथे बोर्ड नाही, निवड नाही. जागा दोन महिने उशिरा सुटली तर उत्तम कोअर कमांडर घरी जातो आणि त्याच्यामागचा आर्मी कमांडर होतो. सदाशिवराव ज्याला चाळणी म्हणतात ती लेफ्टनंट जनरलपर्यंतच. त्यापुढे कॅलेंडर.

वैद्य-सिन्हा प्रकरणातही हेच आहे, पण कोणी लिहीत नाही. दोघंही जानेवारी १९२६ चे. वैद्य ३१ जानेवारी १९८६ ला निवृत्त झाले, साठ पूर्ण झाली त्याच महिन्यात. सिन्हांना नेमलं असतं तर तेही त्याच दिवशी गेले असते. म्हणजे 'आधी सिन्हा, मग वैद्य' हा पर्यायच नव्हता. एकाला घेतलं की दुसरा कायमचा बाद.

जनरल व्ही. के. सिंग यांचा वादही तोच. जन्म १० मे, पण १९५० की १९५१? मॅट्रिकच्या दाखल्यावर एक, एनडीएच्या अर्जावर दुसरं. एका वर्षानं त्यांचाच कार्यकाळ नाही, पुढचा प्रमुख कोण हेही बदलत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे ला निवृत्त झाले. सेवेत असलेला सेनाप्रमुख स्वतःच्या वयासाठी सरकारविरुद्ध कोर्टात, ही ज्येष्ठतेचीच देन. सदाशिवराव म्हणतात तसं हे माप कुणाला वळवता येत नाही, म्हणून सगळे मापपट्टीच ओढत बसतात.

सदाशिव_उवाच

मान्य. कॅलेंडरचा दोष खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणून मंत्र्यांच्या हाती चाकू देणं मला पटत नाही. निवड खुली केली की आठही जण शेवटची दोन वर्षं दिल्लीकडे तोंड करून बसतील. कमांड कॉन्फरन्समध्ये मंत्र्यासमोर कोण खरं बोलेल?

रणगाडेवाला

सिन्हा तरी गप्प बसले का? त्यांनी राजीनामा दिला आणि पुढे राजदूत, राज्यपाल झाले. वैद्यही मंत्र्यांच्या पुढे नाचले असं दाखवणारं काही नाही. सियाचीनची मोहीम एप्रिल १९८४ ची, त्यांच्याच कार्यकाळातली.

ठीक आहे, 'नेहमीच निवड' हे माझं वाक्य मागे घेतो. त्याऐवजी असं: आर्मी कमांडरला नेमणुकीच्या दिवसापासून पक्की तीन वर्षं, जन्मतारीख काहीही असो. मग आठांपैकी ज्येष्ठ कोण हे जन्मदाखल्यावर नाही, कमांड कधी हातात आली त्यावर ठरेल. आणि ज्येष्ठाला वगळायचं तर कारण लेखी, संसदेच्या संरक्षण समितीपुढे.

टिळक_रोडचा_प्रवासी

जून १९८४ चं कोणीच कसं काढत नाही? अमृतसरची कारवाई वैद्यांच्या सहीनं झाली. ज्येष्ठतेनं आलेला प्रमुख 'नको' म्हणाला असता का, हा प्रश्न टाळता येत नाही.

सदाशिव_उवाच

टाळत नाही, पण याला पुरावा काय? मी निवडीच्या विरोधात आहे, तरी हे त्यांच्यावर लादणार नाही. आखणी वेस्टर्न कमांडची, तिचे प्रमुख सुंदरजी यांची, आदेश सरकारचा. सिन्हा असते तर काय झालं असतं यावर ज्याला जे हवं ते म्हणता येतं. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

जन्मतारीख

रणगाडेवाले, पक्क्या तीन वर्षांचं गणित करून बघा. आठ जागा. आज बहुतेकांना सरासरी दोन वर्षं मिळतात असं धरलं तर वर्षाला चार जागा सुटतात. तीन केलीत तर तीन वर्षांत आठ, म्हणजे वर्षाला तीनसुद्धा नाहीत. खाली एकूण चौदा कोअर, कोअरची कमान वर्ष-सव्वा वर्षाची. दर वर्षी डझनभर माणसं दारात उभी राहणार. शिवाय ५९ व्या वर्षी कमांड मिळालेला ६२ पर्यंत राहणार, म्हणजे साठची मर्यादा गेलीच.

रणगाडेवाला

मग कोअरची कमान दोन वर्षांची करा. रांग आपोआप आखूड होते.

जन्मतारीख

रांग कोअरच्या दारातून उचलून डिव्हिजनच्या दारात ठेवलीत. मेजर जनरल ५८ ला निवृत्त होतो.