खिडकीत कुंभारणीचं घर, काढू का?

प्रश्न: चौकटीला कुंभारीण माशीने मातीचं इवलंसं मडकं केलंय, तोंडही लिंपून टाकलंय. आत काय असतं? खरवडून काढलं तर चालेल?

उत्तर: अहो नका काढू! आत एक अंडं बारीक धाग्याने टांगलेलं असतं आणि सोबत डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या, जिवंतच, म्हणून सडत नाहीत, ती पिल्लाची शिदोरी.

उत्तर: आमच्याकडे पावसाळ्यात नि नंतर जास्त दिसतात, ओला चिखल आणि अळ्या दोन्ही मिळतात ना. पिल्लू खाऊन कोषात जातं, आपल्याकडे काही आठवड्यांत माशी होऊन बाहेर, थंड देशांत मात्र अख्खा हिवाळा आतच. भोक पडलेलं दिसलं की मग खुशाल खरवडा.

प्रश्नकर्ती: चावते का पण?

उत्तर: मुठीत पकडली तरच.