मदत हवी आहे: कॅम्पिंगला गॅसवाला फायर पिट, आपल्या ५ किलोच्या सिलेंडरवर चालेल का?

नमस्कार मंडळी, म्हैसमाळच्या पायथ्याला मित्राचं शेत आहे तिथं जानेवारीत तंबू टाकायचा प्लॅन चाललाय, लेकरं पण सोबत आहेत. शेकोटी पाहिजेच पण आजूबाजूला सगळं वाळलेलं गवत अन् तुरीच्या काड्या, एक ठिणगी उडाली की संपलंच राव. म्हणून अमेरिकेतल्या दाजींनी त्यांचा पोर्टेबल प्रोपेनचा फायर पिट आणून दिलाय, राख नाही धूर नाही, दिसायला तर लई भारी.

आता घोळ असा की तो तिकडच्या २० पौंडी टाकीसाठी बनवलेला, आट्यांचं कनेक्शन, अन् आपल्याकडं दाबून बसवायचा रेग्युलेटर. शिवाय आपला एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन मिक्स, मग ज्योत पिवळी होऊन काजळी धरेल का? बॉक्सवर ५८,००० बीटीयू (तासाला किती उष्णता देतो त्याचं माप) लिहिलंय, फुल सोडला तर तासाला सव्वा किलोच्या आसपास गॅस खाणार, म्हणजे ५ किलोचा सिलेंडर जेमतेम चार तास पुरणार. त्यात पहाटेच्या थंडीत एवढा गॅस खेचला की छोटा सिलेंडर गार पडून प्रेशर उतरतं म्हणे, खरंय का?

गल्लीतला शेगडीवाला म्हणतो नळी कापून जुगाड करून देतो, मला काही ते पटत नाही बुवा. कुणी नीट अ‍ॅडाप्टर लावून घेतलाय का, छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्यात कुठं मिळेल? अन् सिलेंडर पिटपासून किती लांब ठेवता? तंबूत नेणार नाही, तेवढं माहितीये.