दाराला कुलूप, हातात तुरीच्या शेंगा: याला घर म्हणायचं की तुरुंग?

झिरोमाइल:
रविवारी मित्राच्या काकूंना भेटायला नागपुरातल्या एका छोट्या होममध्ये गेलो होतो. साधं तीन बेडरूमचं घर, त्यात अकरा म्हातारी माणसं, सगळ्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. जाळीच्या दाराला आतून कुलूप. व्हरांड्यात चार आज्या खाली मान घालून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. एक आजी दार धरून म्हणत होती, "मले घरी जाऊ द्या ना." मला तिथं पाणीही गेलं नाही. महिन्याचे 28 हजार घ्यायचे, माणूस कोंडायचा आणि वरून कामाला लावायचा? ज्यांनी आईबापाला तिथं ठेवलं त्यांना रात्री झोप कशी लागते?

खामल्याची लेक:
दार धरून उभी होती ती माझी आई. निळा स्वेटर, पायात मोजे. तुम्ही दोन मिनिटं थांबला असतात तर तिनं तुमची इयत्ता विचारली असती. काटोलजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं तिनं.

झोपेचं विचारलंत म्हणून सांगते. ती माझ्या घरी होती तेव्हा मी दोन वर्षं सलग चार तास झोपले नाही. रात्री दोनला उठून ती आंघोळीचं पाणी काढायची, शाळेला उशीर होतो म्हणून. गॅसची कळ मी काढून ठेवायला लागले. मग एका मे महिन्यात, भर दुपारी, कामवाली बाई कपडे वाळत घालत होती तेवढ्यात आई बाहेर पडली. दोन तासांनी छत्रपती चौकात सापडली. अनवाणी. काटोलच्या एसटीची वाट बघत होती. तापलेल्या डांबरावर चालून दोन्ही तळपायांना फोड आले होते, टाचेची कातडी सुटून लोंबत होती आणि ती मलाच विचारत होती, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

त्यानंतर पाच महिने मी घराला बाहेरून कुलूप लावून ऑफिसला गेले. ते कुलूप कोणी पाहिलं नाही, म्हणून कोणी लिहिलं नाही. या होमच्या कुलपाच्या आत निदान माणसं आहेत.

आणि "घरी जायचं" म्हणाल तर ते ती माझ्या घरीही म्हणायची. ज्या घरात ती 22 वर्षं राहिली, तिथं. दिवेलागण झाली की सुरू. तिचं घर म्हणजे काटोलचं माहेर, मागे संत्र्याची दोन झाडं असलेलं. ते विकलं जाऊन काळ लोटला. एकदा मी वैतागून खरं सांगितलं, की आजी 1988 साली गेली, तिथं कोणी नाही. आई अशी रडली की जणू त्याच क्षणी कळलं. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. परत खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. होममधल्या मावशी म्हणतात, "बाई, घंटा व्हायची आहे, तोवर बसा." ती बसते.

साठीपुढच्या माणसांत 7.4 टक्के, म्हणजे देशात 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या घरांत कोणी ना कोणी जागं आहे, दादा. त्यांना झोपेचा प्रश्न विचारू नका.

उमरेड रोड:
ताई, त्रास समजतो. पण आमचे बाबा सहा वर्षं घरीच होते आणि शेवटही घरीच झाला. जमवलं तर जमतं. एका रात्रीत त्यांचं बोलणं असंबद्ध झालं, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. सगळे म्हणाले आजार वाढला. आम्हाला मात्र वाटलं, असं अचानक होत नसतं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, लघवीचं इन्फेक्शन निघालं, आठवड्यात पूर्ववत झाले. हे घरच्या माणसाला कळतं. अकरा जणांच्या होममध्ये "आज जास्त बिघडले" म्हणून गोळी देऊन झोपवलं असतं.

सून, मानेवाडा:
"आम्हाला वाटलं" म्हणजे नेमकं कोणाला? सहा वर्षं डायपर कोणी बदलले ते लिहा.

उमरेड रोड:
माझ्या पत्नीने. मी दुकान सांभाळत होतो. यात लपवण्यासारखं काय आहे?

सून, मानेवाडा:
लपवलं नाही, फक्त लिहिलं नाही. माझ्या सासूबाई चार वर्षं होत्या. त्यांच्या तीन मुलांपैकी एकानंही कधी त्यांना न्हाऊ घातलं नाही, आणि होमचा विषय काढला तेव्हा तिघांनाही संस्कार आठवले. मी शाळेची नोकरी सोडली. आज माझी पाठ गेली आहे आणि पेन्शन नाही. "घरी जमतं" लिहिणाऱ्या प्रत्येकानं खाली त्या बाईचं वय आणि तिनं काय सोडलं तेही लिहावं.

उमरेड रोड:
ठीक आहे. तिनं शिवणाचा क्लास बंद केला होता. तो परत सुरू झाला नाही. एवढं मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

झिरोमाइल:
ताई, तुमच्या आईबद्दल लिहिलं, क्षमस्व. पण शेंगांचं उत्तर आलं नाही. सोललेले दाणे स्वयंपाकघरात जातात ना? मग पैसे देणाऱ्या माणसाकडून फुकट काम करून घेणं झालं.

रात्रपाळी:
मी दुसऱ्या एका अशाच घरात काम करतो, म्हणून बोलतो. एकदा बसून पाहा भाऊ. एका आजीची अर्धा किलो शेंग सोलायला पूर्ण सकाळ जाते. दाणे टरफलात, टरफलं दाण्यात, काही पदराच्या गाठीत. ते निवडायला आम्हालाच अर्धा तास लागतो. भाताला सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, बाजारातून सोललेलेच आणतो. पण ज्या आजीला मुलाचं नाव येत नाही, तिचा अंगठा शेंगेच्या शिरेवर बरोबर पडतो. दाणा वाटीत पडला की ती मान हलवते. ज्या दिवशी हाताला काही नसतं, त्या दिवशी संध्याकाळी दार जास्त वाजतं. आमच्याकडे एक आजोबा एम्प्रेस मिलमध्ये, म्हणजे कापडगिरणीत, होते. त्यांना शेंगा नको असतात, दोरा गुंडाळायला लागतो.

धंतोली:
सोलेभाताला बाजारचे सोले? त्याला चव कुठली! शेंग त्याच दिवशी सोललेली हवी, हिरवी मिरची आणि लसूण पाट्यावर वाटलेलं हवं.

सून, मानेवाडा:
पाट्यावर वाटायचं कोणी, तेही लिहा.

धंतोली:
मीच वाटतो. पत्नीला जाऊन आठ वर्षं झाली. ती शेवटी शेवटी मला ओळखत नव्हती, पण शेंगांची टोपली पुढे ठेवली की "किडकी बाजूला काढा" म्हणायची. म्हणून लिहिलं.

झिरोमाइल:
शेंगांचा मुद्दा मागे घेतो. कुलपाचा घेत नाही.

वकीलपेठ:
कायद्याचं थोडं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो पूर्णपणे वाऱ्यावर सोडण्याच्या हेतूसाठी. पैसे भरून, भेटायला जाऊन होममध्ये ठेवणं त्यात बसत नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 97 मात्र सगळ्यांनी वाचावं. रुग्णाला एकटं कोंडता येत नाही. बांधून ठेवणं तेव्हाच, जेव्हा तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसतो, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं. घराचं दार बंद असणं वेगळं, पलंगाला हात बांधणं वेगळं. दुपारी दोनला न सांगता जा आणि मनगटं बघा.

रात्रपाळी:
दुपारी नका जाऊ, रात्री जा. दिवसा तीन बाया असतात, मालक असतात, सगळं चकाचक. रात्री आठ ते सकाळी आठ मी एकटा असतो, नऊ जणांवर, 12 हजार पगारात. एकाला संडासला नेलं की दुसरा पलंगावरून उतरतो. मग सगळ्यांना शांत राहायची गोळी हवीशी वाटते, मलासुद्धा. त्यासाठी मनोविकाराच्या (अँटिसायकॉटिक) गोळ्या देतात, त्यांनी डिमेन्शियाच्या म्हाताऱ्यांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 सालीच दिला होता. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, मालकांनी नाही. कुलपावरून भांडण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा: रात्री माणसं किती, आणि शॉर्टसर्किट झालं तर किल्ली कुठे?

झिरोमाइल:
मी कुलूपच म्हणत होतो.

रात्रपाळी:
तुम्ही मुलांच्या झोपेबद्दल लिहिलं होतं. किल्लीबद्दल नाही.

खामल्याची लेक:
काल रात्री साडेनऊला न सांगता गेले. आई झोपली होती, स्वेटर घालूनच. अकरा जणांवर एकच मावशी आहे. वय साठीच्या जवळ, गुडघ्याला पट्टा. किल्ली तिच्या कमरेला. दुसरी किल्ली मालकांच्या घरी, प्रतापनगरला.

दीड वर्ष मी दर रविवारी सकाळी अकरालाच जात होते.

रात्रीचं दुसरं माणूस ठेवा म्हटलं तर मालक म्हणाले, प्रत्येकी दोन हजार वाढतील आणि बाकीचे तयार होणार नाहीत. बाकीच्या दहा घरांपैकी तिघांचे नंबर मिळालेत. झिरोमाइल, तुमच्या मित्राचा नंबर मला मेसेज करा.

झिरोमाइल:
पाठवला. रात्री नऊनंतर लावा, त्याआधी तो ड्यूटीवर असतो.