शेनान्डोआने जाळलेली व्हेलिंग जहाजं: लढाई की चाचेगिरी?

दर्यावर्दी
अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय निघाला की सगळे गेटिसबर्गच्या लढाईतच अडकतात, म्हणून मुद्दाम हा धागा. शेनान्डोआ ही दक्षिणेची (फुटून निघालेल्या राज्यांची) नौका, कप्तान जेम्स वॅडेल, काम एकच, उत्तरेची व्यापारी जहाजं गाठायची आणि जाळायची. जून १८६५ मध्ये ती अलास्का आणि सैबेरियामधल्या बेरिंगच्या समुद्रात व्हेलिंगच्या, म्हणजे तेलासाठी देवमासे मारणाऱ्या जहाजांच्या ताफ्यात घुसली. दक्षिणेचा सेनापती जनरल लीने ९ एप्रिललाच शस्त्रं खाली ठेवलेली! २८ जूनला ब्रन्सविक नावाचं जहाज बर्फ लागून फुटलं होतं, बाकीची जहाजं मदतीला जमलेली (आणि त्यातला माल स्वस्तात उचलायलाही, खोटं कशाला बोला), आणि हा पठ्ठ्या अमेरिकन झेंडा लावून आरामात त्यांच्यात शिरला आणि मग झेंडा बदलला. एका दिवसात ११ पकडली, ९ जाळली. माझ्या मते ही सरळसरळ चाचेगिरी. युद्ध संपल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, त्याला ते ऐकायचं नव्हतं.

जुना_नकाशा
असहमत. खोटा झेंडा लावून जवळ जायचं आणि हल्ल्याआधी खरा चढवायचा, हे तेव्हा सगळीच आरमारं करायची, त्यात चाचेगिरी कुठली. आता कानावर काय आलं ते बघा. मायलो जहाजाचा कप्तान म्हणाला युद्ध संपलं, वॅडेलने लेखी पुरावा मागितला, तो नव्हता. मग सुझन ॲबिगेलवर सॅन फ्रान्सिस्कोचे पेपर सापडले, त्यात लीच्या शरणागतीची बातमी होती हे कबूल, पण दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिसचं 'लढा चालूच राहील' हे जाहीर आवाहनही होतं. आणि त्या जहाजावरचे काही खलाशी पकडले गेल्यावर वॅडेलकडेच भरती झाले. संपलेल्या युद्धात कोण भरती होतं राव? जमिनीवर दक्षिणेचा जनरल स्टँड वेटी २३ जूनला शरण आला, म्हणजे फक्त पाच दिवस आधी.

दर्यावर्दी
वेटीचं वॅडेलला तरी कुठे माहीत होतं, ते त्याच्या बाजूने कसं धरता? आणि शंका होती ना, मग जाळायची घाई कसली? बॉन्ड लिहून घेऊन सोडता येत होतंच, दक्षिणेला मान्यता मिळाली की एवढे पैसे देऊ असा कागद. जेम्स मॉरी तसंच सोडलं त्याने. त्यावरचा कप्तान वारला होता, बायको-मुलं जहाजावरच, आणि नवऱ्याचा देह घरी न्यायचा म्हणून त्या बाईने तो व्हिस्कीच्या पिंपात ठेवलेला. तिला त्याने सांगितलं की आम्ही बायकामुलांशी लढत नाही. छान. बाकीच्या जहाजांवर काय फौज होती?

मुग्धा_के
दया बिया ठीक आहे, पण मॉरी आणि नाईल ही दोन जहाजं कैदी न्यायला लागणारच होती की :) मला वाईट वाटतं खलाशांचं. व्हेलिंगवर महिन्याचा पगार नसायचा, तेलाच्या विक्रीत प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा असायचा. म्हणजे जहाज जळलं की दोन-तीन वर्षांची मेहनत धुरात. फेव्हरिट जहाजाचा म्हातारा कप्तान यंग पिऊन तर्र, देवमासे मारायच्या बंदुका रोखून डेकवर एकटाच उभा राहिला. त्याच्याच माणसांनी बंदुकांच्या टोप्या (ज्यांच्या ठिणगीने बार उडतो त्या) आधीच गुपचूप काढून ठेवल्या होत्या.

कापूसकोंडा
इथे सगळे उत्तरेला गरीब गाय करतायत. १८६१ च्या शेवटी उत्तरेच्या आरमाराने स्वतःच जुनी व्हेलिंग जहाजं विकत घेऊन, दगड भरून चार्ल्स्टनच्या बंदराच्या तोंडाशी बुडवली होती, रस्ता बंद करायला. म्हणजे ही जहाजं युद्धात दोन्ही बाजूंनी वापरली. आणि तेल हा उत्तरेचा पैसा होता, तो तोडायचा हे सरळ युद्धच. अवांतर: याच युद्धाने मुंबईत कापसाची तेजी आणली, युद्ध संपायच्या बातमीने भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा भलेभले शेठ बुडाले. म्हणजे मुंबईच्या बाजाराला जे कळलं होतं ते बेरिंगमध्ये वॅडेलला पटेना.

दर्यावर्दी
कापूसकोंडा, विकत घेऊन बुडवणं आणि दुसऱ्याचं जाळणं यात फरक आहे हो! आणि मुंबईचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, थँक्यू.

जुना_नकाशा
मुंबईला तार होती, बेरिंगला नव्हती. २ ऑगस्टला बॅराकूटा या ब्रिटिश जहाजाने पक्की बातमी दिली, त्याच दिवशी वॅडेलने तोफा खाली ठेवल्या आणि त्यानंतर एकाही जहाजाला हात लावला नाही. चाचा असा वागतो का? केप हॉर्नला वळसा घालून थेट लिव्हरपूल, ६ नोव्हेंबरला ब्रिटिशांच्या ताब्यात. अख्ख्या मोहिमेत ३८ जहाजं पकडली, ३२ जाळली, पकडताना एकही माणूस मारला नाही.

मुग्धा_के
लिव्हरपूललाच का गेला तेही सांगा ना. अमेरिकेत फास बसेल या भीतीने. आणि तिथे ब्रिटिश प्रजा कोण ते विचारलं (त्यांनाच अडकवणार होते) तर अस्सल स्कॉटिश उच्चार असलेले खलाशीसुद्धा म्हणाले, आम्ही दक्षिणेचे! सगळे सुटले. पैसे भरले इंग्लंडने, अमेरिका-इंग्लंडमधल्या १८७२ च्या जिनिव्हा लवादात, सगळ्या दाव्यांचे मिळून १ कोटी ५५ लाख डॉलर. त्यात शेनान्डोआचं मेलबर्न सोडल्यानंतरचं नुकसान धरलं, कारण ब्रिटिशांच्या त्या बंदरात तिने गुपचूप माणसं भरली होती.

दर्यावर्दी
बरं, एकच सांगा. मायलोच्या कप्तानाचा शब्द चालला नाही, बॅराकूटाच्या कप्तानाचा लगेच कसा चालला?

जुना_नकाशा
कारण मायलोवाल्याला जहाज जळायची भीती होती, बॅराकूटावाल्याला नव्हती.