छापील पीडीएफ नव्हे, स्वीकृत मसुदा द्या

ताई, नियतकालिकाशी कॉपीराइटचा करार झालाय म्हणून लेख विद्यापीठाच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. तसं सरसकट नसतं. प्रकाशकाने मांडलेली पीडीएफ बहुतेकदा चालत नाही, पण परीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त होऊन स्वीकारली गेलेली तुमची स्वतःची फाईल, म्हणजे स्वीकृत मसुदा, बरेच प्रकाशक ठेवू देतात. कुणी लगेच, कुणी १२ किंवा २४ महिन्यांनी. 'ओपन पॉलिसी फाइंडर' या संकेतस्थळावर, म्हणजे जुन्या 'शेर्पा रोमिओ'वर, नियतकालिकाचं नाव टाकलं की अटी दिसतात. ती फाईल मात्र जपा. माझी जुन्या लॅपटॉपबरोबर गेली, त्याची हळहळ अजून आहे.

प्रबंधाचं वेगळं. तो विद्यापीठामार्फत 'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन भांडारात जातो. ते भांडार गांधीनगरचं इन्फ्लिबनेट हे केंद्र सांभाळतं. माझा प्रबंध गुळावर. गेल्या हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेले, तर मालकाच्या मुलाने मोबाईलवर त्यातलंच प्रकरण उघडून दाखवलं, रसातली मळी काढायला भेंडीचं पाणी कधी घालायचं ते. स्क्रीनवर रसाचे चिकट ठसे होते. मला भरून आलं. असा वाचक वर्गणीच्या भिंतीपलीकडे कधीच पोचला नसता.

नियतकालिकाचं नाव कळवा, आज रात्रीच अटी बघून सांगते.